प्रीमियर पद्मिनीचा इंजिन ब्लॉक हवा आहे (आणि जुने ब्लॉक घेण्या-विकण्याबद्दल बोलूया)

कर्वेनगरची_पद्मिनी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

घरची १९७९ची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी नवी घेतलेली, आता माझ्या नावावर. पावसाळ्यापासून पाणी पीत होती. रेडिएटर, होज पाइप, वॉटर पंप सगळं तपासून झालं, शेवटी हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उतरवलं. तिसऱ्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर वरून खाली जाणारी बारीक चीर आहे. मेकॅनिक म्हणतो, ब्लॉक (सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनाचा मुख्य सांगाडा) गेला, दुसरा शोधा.

तर १०८९ सीसी पेट्रोलचा ब्लॉक कुणाकडे असेल तर कळवा. डिझेल पद्मिनीचा नको.

दुसरं म्हणजे, पुण्यात नाना पेठेत आणि जुन्या बाजारात चौकशी केली. भाव लगेच सांगतात, पण ब्लॉकबद्दल विचारलं की 'चालू गाडीतला काढलाय, डोळे झाकून न्या' यापुढे गाडी जात नाही. बोअर (सिलिंडरचं भोक) कितव्या साइजचा, कॅप (इंजिनाचा फिरता दांडा, म्हणजे क्रँक, धरून ठेवणाऱ्या) त्याच का, नंबर कुठल्या गाडीचा, काही नाही. इथे बऱ्याच जणांनी जुने ब्लॉक घेतलेत-दिलेत. घेताना काय बघायचं आणि कागद काय मागायचा, हे सविस्तर लिहाल का?

---

तळेगाव_फियाट

दादा, माझ्याकडे दोन आहेत. फियाट डिलाइटच्या काळापासूनच्या गाड्या घरात होत्या, सुट्या भागांसाठी म्हणून एक अख्खी पद्मिनी घेऊन ठेवली होती. एक ब्लॉक त्या गाडीतला, क्रँक आणि कॅपसकट. दुसरा नुसता ब्लॉक, कॅप नाहीत. दोन्ही शेडमध्ये पाटावर, तेल लावून ठेवलेत. मोजमाप केलेलं नाही. येऊन बघा, किंमत समोरासमोर बोलू.

---

नटबोल्ट

मुंबईला विचारून बघा. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. त्याच्या आधीच्या काही वर्षांत शेकड्यांनी गाड्या भंगारात गेल्या, कुर्ल्याच्या बाजूला माल अजून मिळेल. फक्त टॅक्सीचा ब्लॉक म्हणजे लाखो किलोमीटर, त्यातून सीएनजी. मी तरी घेणार नाही.

---

भोसरी_बोअरिंग

टॅक्सीचा म्हणून लगेच नाही म्हणू नका. सीएनजीचा मार बसतो तो हेडमधल्या व्हॉल्व्ह सीटला. ब्लॉकचं आयुष्य तेल वेळेवर बदललं का, एअर फिल्टर लावलेला होता का आणि पाण्यात कूलंट होतं का, यावर ठरतं. टॅक्सीवाल्याची रोजीरोटी गाडीवर असते, तो तेल बदलतो. हौशी माणसाची वर्षभर उभी राहिलेली गाडी कधीकधी जास्त वाईट निघते. पिस्टनच्या रिंगा जिथे थांबलेल्या असतात तिथे बोअरला गंजाचा पट्टा पडतो आणि तो होनिंगनं (आतून हलकं घासून) जात नाही.

आता मूळ प्रश्न. धागाकर्ते दादा, दुसरा ब्लॉक घेण्याआधी मला सांगा, चीर नेमकी कुठून कुठपर्यंत आहे? फक्त बोअरच्या भिंतीत आहे, की वर डेकवर (हेड बसतं त्या सपाट बाजूवर) येऊन हेडच्या स्टडच्या भोकापर्यंत किंवा पाण्याच्या भोकापर्यंत गेली आहे? हे कळल्याशिवाय 'ब्लॉक गेला' म्हणता येत नाही. भिंतीतच असेल तर ड्राय स्लीव्ह बसते. बोअर मोठा करायचा, दोन-अडीच मिलिमीटर जाडीची बिडाची स्लीव्ह दाबून बसवायची, डेकबरोबर सपाट करायची आणि आतून पुन्हा स्टँडर्ड ६८ मिलिमीटरला आणायचं. चीर स्लीव्हच्या मागे बंद होते. दोन बोअरच्या मधे धातू किती उरला आहे ते आधी बघावं लागतं, पण पद्मिनीच्या ब्लॉकला हे काम होतं. पूर्वी सर्रास व्हायचं.

चीर बघायची रीत घरी करण्यासारखी आहे. डेक आणि बोअर पेट्रोलनं स्वच्छ पुसा. रॉकेल लावून अर्धा तास सोडा. मग कोरड्या फडक्यानं इतकं पुसा की बोटाला ओल लागता कामा नये. त्यावर फळ्यावरच्या खडूची पूड चोळा. चिरेत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळपट ओली रेघ उमटते. रेघ जिथे संपते तिथे चीर संपते. त्याचा फोटो इथे टाका.

आता तळेगावच्या दादांच्या ब्लॉकबद्दल, किंवा कुठल्याही ब्लॉकबद्दल.

बोअर नुसता डोळ्यांनी बघून काही कळत नाही. वरच्या कडेशी बोट घाला, रिंग जिथे थांबते तिथे नख अडलं तर झीज आहे एवढं समजतं, किती ते नाही. त्यासाठी बोअर गेज लागतो. प्रत्येक सिलिंडर वर, मधे आणि खाली मोजायचा, आणि प्रत्येक ठिकाणी दोनदा: एकदा क्रँकच्या दिशेत, एकदा आडवा. पिस्टन आडव्या दिशेला दाबला जातो म्हणून तिथे झीज जास्त, आणि वरच्या भागात सगळ्यात जास्त. चार सिलिंडरची चोवीस मापं होतात. वर-खालच्या मापात किंवा उभ्या-आडव्यात साधारण ०.१० मिलिमीटरच्या पुढे फरक गेला की रिंगा बदलून भागत नाही, बोअर करावा लागतो. मग प्रश्न येतो की आधी किती साइज झालेला आहे, म्हणजे मूळ मापापेक्षा किती मोठा केलेला आहे. वीस, तीस, चाळीस. चाळीस साइजच्या पुढे पिस्टन मिळवताना दमछाक होते. जुने पिस्टन सोबत असतील तर डोक्यावर साइज ठोकलेली असते, ती वाचा. पिस्टन नसतील तर विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका, गेज लावा.

दुसरी गोष्ट मेन बेअरिंगच्या कॅप. हे मी दुकानात रोज सांगतो. कारखान्यात कॅप ब्लॉकला आवळून मग सगळ्या एकत्र बोअर करतात. म्हणजे ती कॅप त्याच ब्लॉकची आणि त्याच जागेची. दुसऱ्या ब्लॉकची कॅप जागेवर बसेल, बोल्टही आवळला जाईल, पण भोक गोल राहणार नाही आणि रांग चुकेल. क्रँक हातानं फिरवून बघा, अडखळेल. मग लाइन बोअरिंग (सगळी बेअरिंगची भोकं पुन्हा एका रांगेत बोअर करणं) करावं लागतं आणि खर्च ब्लॉकच्या किमतीच्या वर जातो. म्हणून तळेगावच्या दादांचा कॅप नसलेला ब्लॉक माझ्या मते गाडीसाठी घेऊच नये.

बाकी डेक सपाट आहे का ते स्ट्रेट एज (सरळ पट्टी) आणि ०.०५ मिलिमीटरची फिलर पाती घेऊन, मधे फट आहे का ते बघा. स्टडचे आटे बघा. आणि रंग मारलेला ब्लॉक दिसला की रंग खरवडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. तुटलेल्या कनेक्टिंग रॉडनं (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या) फोडलेल्या भिंतीवर पुट्टी भरून वर चंदेरी रंग मारलेले ब्लॉक मी टेबलावर बघितलेत.

---

जिप्सी_वारजे

फार उपयोगाची माहिती दादा, वाचनखूण साठवली. एक विचारते. माझ्या मारुती जिप्सीचं इंजिन १३०० सीसीचं आहे, ब्लॉक ॲल्युमिनियमचा. मलाही एक जादा ब्लॉक घेऊन ठेवायचा आहे, कारण ट्रेलवर इंजिन तापलं तर काय होतं ते ग्रुपमध्ये बघितलंय. खडू-रॉकेल तिथे चालेल का? आणि स्लीव्ह?

---

भोसरी_बोअरिंग

चालेल ताई. ॲल्युमिनियमला चुंबकाची टेस्ट होत नाही, म्हणून आम्हीही डाय पेनेट्रंटच (चिरेत शिरणारा रंग) वापरतो आणि खडू-रॉकेल ही त्याचीच साधी आवृत्ती. त्या ब्लॉकमध्ये बिडाचे लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) ओतलेलेच असतात, स्टँडर्ड ७४ मिलिमीटर. ओव्हरसाइज पिस्टनपर्यंत बोअर करता येतो.

तुम्ही मात्र दोन जागा जास्त बघा. एक, डेकवर पाण्याच्या भोकांच्या कडा. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी घातलेलं असेल तर कडा खाल्लेल्या असतात, पांढरी बुरशीसारखी पूड दिसते आणि गॅस्केटला धरायला धातूच उरत नाही. दोन, हेड बोल्टचे आटे. तापलेल्या इंजिनाचे आटे बोल्टबरोबर उपटून येतात. हेलिकॉइल (उपटलेल्या आट्याच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) घातलेले असतील तर हरकत नाही, पण ते विकणाऱ्यानं सांगितलं पाहिजे. आणि तुमच्या ब्लॉकच्या खालच्या कडेवर मेन बेअरिंगच्या ग्रेडचे ठसे असतात, बेअरिंग त्यावरून निवडतात. धुताना, घासताना ते पुसू देऊ नका.

---

शिवाजीनगर_वकील

तांत्रिक बाजू भोसरीच्या दादांनी मांडली, मी कागदाची मांडतो, कारण गाडीवेडी मंडळी इथेच ढिली पडतात.

इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. हेड बदला, क्रँक बदला, कार्बोरेटर बदला, गाडी कागदावर तीच राहते. ब्लॉक बदलला की आरसीवरचा इंजिन नंबर आणि गाडीतला नंबर वेगळे झाले. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. बदल केल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते. माझा सल्ला असा की आधी संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन विचारा आणि मगच ब्लॉक गाडीत बसवा. तिथे पहिला प्रश्न येतो तो 'हा ब्लॉक तुम्ही कुठून आणला?' आणि त्याचं उत्तर कागदावर लागतं.

म्हणून विकणाऱ्याकडून मूळ गाडीच्या आरसीची प्रत, त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि इंजिन नंबर लिहिलेलं सहीचं विक्रीपत्र घ्या. मूळ गाडी मोडीत काढली असेल तर तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागा. गाडी कायमची निकामी झाली की चौदा दिवसांत कळवून नोंदणी रद्द करायची, हे कलम ५५ मालकावर टाकतं. बरेच जण हे करत नाहीत, आणि मग तो इंजिन नंबर रेकॉर्डवर दुसऱ्या गाडीच्या नावानं जिवंत राहतो.

पैसे देण्याआधी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेत इंजिन नंबर टाकून बघा. चोरीला गेलेल्या गाड्यांची नोंद तिथे असते. चोरीचा माल हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून घेतला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ लागतं. बाजारभावाच्या निम्म्यात, बिनकागदाचा, नंबर घासलेला ब्लॉक घेतला तर 'मला माहीत नव्हतं' हे पटवणं अवघड जातं.

नंबर घासलेल्याबद्दल आणखी थोडं. आकडा ठोकताना खालचा धातूही दाबला जातो, म्हणून वरून घासला तरी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायन लावून तो पुन्हा वाचता येतो. घासलेली जागा आजूबाजूपेक्षा खोलगट दिसते, नवे आकडे एका रेषेत नसतात. अशा ब्लॉकला हात लावू नका, कितीही चांगला असो.

धागाकर्त्यांसाठी शेवटचं. तुमची गाडी १९७९ची आहे. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षं झालेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, पण ती मूळ स्वरूपात असावी लागते आणि इंजिन मूळपेक्षा वेगळं चालत नाही. २०२९ फार लांब नाही. वडिलांच्या गाडीचा मूळ नंबरचा ब्लॉक वाचत असेल तर आधी तो वाचवा.

---

कर्वेनगरची_पद्मिनी

काका, खूप आभार. व्हिंटेजचा विचार डोक्यातच नव्हता. भोसरीचे दादा, आज रात्री खडू-रॉकेल करतो.

---

तळेगाव_फियाट

सगळं बरोबर आहे, पण विकणाऱ्याच्या बाजूनंही बोलू द्या. चोवीस मापं, आरसी, रद्द झाल्याचा कागद, ओळखपत्र. एवढं सगळं मागितलं तर कोण शेडमधून ब्लॉक बाहेर काढेल? भंगारवाला दारात येतो, काट्यावर टाकतो, पैसे हातात देतो. एकही प्रश्न विचारत नाही. आज ज्यांच्याकडे माल पडून आहे ती बरीचशी साठी-सत्तरीची माणसं आहेत. त्यांना बोअर गेज कुठून आणायला सांगणार? तुम्ही अटी वाढवाल आणि चांगले ब्लॉक भट्टीत जातील.

---

शिरोली_ओतकाम

तळेगावच्या दादांची भीती खरी आहे. मी कोल्हापूरला फौंड्रीत आहे. भंगार म्हणून आलेले जुने ब्लॉक भट्टीत जाताना रोज बघतो. बीड चांगलं असतं म्हणून त्याला मागणीही असते. एकदा वितळलं की गेलं, पद्मिनीचा ब्लॉक नव्यानं कुणी ओतून देणार नाही.

चिरेबद्दल आणखी एक. मेकॅनिक म्हणेल की वेल्डिंग करून देतो. बिडात कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो, त्यामुळे ते ताण सोसत नाही. जागच्या जागी वेल्डिंग केलं की टाका थंड होताना आकसतो आणि शेजारी नवी चीर पडते. अख्खा ब्लॉक आधी तापवून, निकेलच्या रॉडनं थोडं थोडं करून, राखेत हळूहळू थंड केला तर टिकतं. तापवायची सोय नसेल तर मेटल स्टिचिंग बरं: चिरेवर ओळीनं भोकं पाडून एकात एक अडकणारे पिन बसवतात, उष्णता द्यावीच लागत नाही. डेकवर आलेल्या चिरेला तेच योग्य.

आणि हातोडीनं वाजवून ब्लॉक पारखणाऱ्यांवर फार विसंबू नका. करडं बीड आवाज मुळातच शोषून घेतं.

---

नटबोल्ट

तळेगावच्या दादांना अनुमोदन. विकणाऱ्यावर सगळं टाकू नये.

---

भोसरी_बोअरिंग

विकणाऱ्यानं सगळं करावं असं माझंही म्हणणं नाही. पण निदान जे त्यालाच माहीत आहे ते त्यानं लिहावं. गाडी कुठली, इंजिन का काढलं, तापलं होतं का, कधी बोअर झाला, कॅप त्याच आहेत का. याला गेज लागत नाही. आणि नंबरचा फोटो. फोन प्रत्येकाच्या खिशात आहे.

मापं मी घेतो. या धाग्यावरून येणाऱ्यांनी ब्लॉक माझ्याकडे आणला तर मोजून, चोवीस आकडे कागदावर लिहून, तारीख-शिक्का मारून देईन. पैसे मापाचे घेईन, ब्लॉक चांगला-वाईट ठरवण्याचे नाही. तो कागद ब्लॉकबरोबर पुढे जाऊ दे. पुढच्याला पुन्हा मोजायला लागणार नाही आणि विकणाऱ्यालाही भंगाराच्या कितीतरी पट भाव मागता येईल. मोजलेल्या, कॅपसकट, कागदाच्या ब्लॉकला घेणारा घासाघीस करत नाही, हे मी दुकानात बघतो. बिनमापाचा ब्लॉक घेणारा माणूस सगळ्यात वाईट शक्यता धरून भाव सांगतो, त्यात त्याचीही चूक नाही.

---

तळेगाव_फियाट

हे मान्य. माझ्या त्या सुट्या भागांच्या गाडीची नोंदणी मी रीतसर रद्द केली होती, कागद फाइलमध्ये आहे. कॅपवाला ब्लॉक मोजून घेऊ. दुसरा, कॅप नसलेला, शिकणाऱ्यांना देतो. कुणी आयटीआयचं असेल तर सांगा, कापून आतले पाण्याचे मार्ग दाखवायला उत्तम आहे.

---

कर्वेनगरची_पद्मिनी

खडूचा फोटो टाकला आहे. रेघ डेकपासून बोटभर खाली सुरू होते आणि साधारण अर्ध्या बोअरपर्यंत जाते. डेकवर काहीच उमटलं नाही, दोनदा केलं. स्टडच्या भोकांभोवतीही कोरडं आहे.

---

भोसरी_बोअरिंग

मग स्लीव्हचं काम आहे. ब्लॉक घेऊन या. आधी पाण्याच्या तोंडांना पट्ट्या मारून हवा भरतो आणि गरम पाण्यात बुडवून बुडबुडे कुठे येतात ते बघतो. खडूला न दिसलेलं काही असेल तर तिथे दिसेल. बाकीच्या तीन बोअरची मापं बघून मग ठरवू, एकाला स्लीव्ह की चारही. कॅप ज्या जागेच्या त्या जागी हलक्या आवळून आणा, पिशवीत भरून आणू नका. आणि वॉटर जॅकेटमधला गाळ सुया-तारांनी उकरू नका, मी काढतो. शेवटच्या सिलिंडरच्या मागे तो दगडासारखा बसलेला असतो आणि चीर पडण्याचं कारण बहुतेक वेळा तोच. पाणी फिरत नाही, भिंत एका जागी तापते.

---

सातारकर_११००

मी इतके दिवस नुसता वाचत होतो. माझी १९८४ची पद्मिनी. खंबाटकी चढताना रॉड तुटून ब्लॉकच्या बाजूनं बाहेर आला, हाताचा पंजा जाईल एवढं भोक आहे. इथे स्लीव्ह किंवा स्टिचिंगचा प्रश्नच नाही. धागाकर्त्यांना आता लागत नसेल तर तळेगावचा कॅपवाला ब्लॉक मला हवा आहे. मापाचे पैसे मी देतो. साताऱ्याच्या आरटीओत विचारून आलो, त्यांनी विक्रीपत्र आणि मूळ गाडीचे कागद आणायला सांगितले आहेत.

---

कर्वेनगरची_पद्मिनी

अवश्य घ्या दादा, तुम्हाला जास्त गरज आहे. तळेगावकर, त्या गाडीचं हेड सुटं असेल तर मात्र मी घेईन. माझं ॲल्युमिनियमचं हेड तापून थोडं वाकलंय, आणि हेडवर नंबर नसतो.

---

तळेगाव_फियाट

हेड आहे. व्हॉल्व्ह काढून ठेवलेत, डबीत क्रमानं. शनिवारी सकाळी छोटा हत्ती सांगितला आहे, ब्लॉक, क्रँक आणि हेड तिन्ही भोसरीला आणतो. सातारकर, तुम्ही अकरापर्यंत पोचाल का? माप तुमच्यासमोरच होऊ दे. आरसीची प्रत, रद्द झाल्याचा कागद आणि विक्रीपत्राचा मसुदा आणतो, वकीलकाकांनी एकदा नजर टाकावी.

---

शिवाजीनगर_वकील

मसुदा पाठवा, आजच बघतो. इंजिन नंबर आकड्यात लिहा आणि खाली अक्षरातही, आणि नंबरच्या जागेचा फोटो छापून दोघांनी त्यावर सह्या करा.

---

सातारकर_११००

पोचतो. येताना वजन उचलायची चेन पुली घेऊन येतो.

---

भोसरी_बोअरिंग

चेन पुली दुकानात आहे, ती राहू दे. जुने पिस्टन आणा, सगळे, तुटलेलाही.